दाताळ्याच्या रेघा

काशीहून परत आलेल्या माणसाला आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न विचारतात, "मावंदं कधी?" यात्रा करून आलेल्यानं चार माणसांना जेवू घालायचं, गंगेचं पाणी थेंब थेंब हातावर द्यायचं आणि तिकडच्या गमतीजमती सांगायच्या. मला येऊन दोन महिने होत आले. मी मावंदं घातलेलं नाही. पाणी तर आणलेलंच नाही. शेजारच्या काकू परवा टोमणा मारून गेल्या, "काशीस जावे नित्य वदावे म्हणतात. तुम्ही जाऊन आलात तरी वदत नाही." म्हणून जे तोंडानं सांगता येत नाही ते लिहून काढते आहे. ज्यांना आरतीचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी दुसरीकडे बघावं, कारण मी तिथे तीन आठवडे होते आणि आरती एकदाही पाहिली नाही.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होते. लग्न केलं नाही, त्यामुळे नातेवाइकांना मी कायम मोकळीच वाटते. कुणाचं लग्न मोडायला आलं, भावाभावांनी बोलणं टाकलं, की "सुमनला बोलवा." बोलून माणसाला वळवणं मला जमतं आणि त्याचा मला ताठाही आहे. या वेळी फोन बनारसहून माधवचा होता. "आत्या, तुम्ही या. आईला समजवा. ती माझी गोष्ट ऐकतच नाही आहे."

माधव म्हणजे माझ्या मामेभावाचा, विनायकदादाचा मुलगा. मामांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी काशीला जाऊन राहिलेलं. विनायकदादा तरुणपणी शिष्यवृत्तीवर रीगाला इंजिनिअर व्हायला गेला आणि येताना आउस्माला घेऊन आला. रीगा हे लॅटव्हियाचं मोठं शहर. लॅटव्हिया म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश, तेव्हा सोव्हिएत संघाच्या पोटात होता, आता सुटा झाला आहे. मामींनी लग्नात सुनेचं नाव उषा ठेवलं, कारण आउस्मा म्हणजेही पहाटच. विनायकदादा जाऊन सहा वर्षं झाली. आता उषावहिनीच्या पोटातला रोग शेवटाला आला होता, आणि तिचं एकच म्हणणं होतं. मला जाळू नका, पुरा.

लोक मरायला म्हणून ज्या गावी येतात त्या गावात राहून ही बाई माती मागत होती. मला वाटलं, आजारपणाचा हट्ट आहे, चार दिवसांत उतरवते. मी नाचणीच्या पिठाचा स्टीलचा डबा घेतला, कारण ते पीठ ती दर वर्षी पत्र पाठवून मागायची, आणि निघाले.

अमृतराव घाटामागची गल्ली

धुकं इतकं होतं की रिक्षावाल्याची पाठ दिसत होती, पुढची सायकल दिसत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी त्यानं मला उतरवलं. आत शिरते तो समोर सांड. तो हलेना, मला मागे जाता येईना. मी डबा पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी. कचोरीवाला आपल्या कढईवरून बघत म्हणाला, "माताजी, जल्दी काहे की? ई त हमनो से पुरान हौवन." दहा मिनिटांनी सांडाला दया आली. तोवर कचोरीवाल्यानं द्रोणात दोन कचोऱ्या आणि बटाट्याची भाजी हातात ठेवली होती. उभ्यानं खाल्ली. मरणाच्या घरी जाताना माणसाला इतकी भूक लागावी याची लाज वाटली, पण चव अजून आठवते.

माधव बँकेत आहे, अठ्ठावीस वर्षांचा, बापासारखा काळासावळा आणि डोळे मात्र आईचे, राखी. त्याची बायको पूनम इथलीच. तिला सातवा महिना होता. मराठी तिला कळते, बोलत नाही. माधव बोलतो, पण त्याच्या मराठीत हिंदी तांदळातल्या खड्यांसारखी सारखी दाताखाली येते. घरात सगळ्यात शुद्ध मराठी बोलणारी बाई खाटेवर पडलेली होती. मामींकडून शिकलेली ती, त्यामुळे आमच्याकडे आता कुणी बोलत नाही असे शब्द तिच्या तोंडी.

"वन्सं, आलात. बरं केलंत," ती म्हणाली. "पीठ आणलंत?"

नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणणारी शेवटची सून मी रीगाची पाहिली. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. मी डबा दाखवला. तिनं झाकण काढायला लावलं, हात आत घालून पीठ चिमटीत धरलं आणि नुसतं हुंगलं. तिच्या देशात काळ्या धान्याची आंबट भाकर खातात. ते धान्य इकडे नाही. नाचणीचा रंग तेवढा जवळचा, म्हणून ती पंचवीस वर्षं माझ्या नाचणीवर भागवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं खाटेवरून सांगत माझ्याकडून ती भाकर करवून घेतली. पीठ रात्रभर आंबवून ठेवलेलं, वासानं मी नाकाला पदर लावला. भाजून झाल्यावर ती विटेसारखी जड झाली. वहिनीनं बोटाएवढा तुकडा तोंडात धरला आणि बराच वेळ चघळला.

फजितीचीही गोष्ट सांगते. पूनमनं बशीत पांढऱ्या वड्या आणून ठेवल्या. मी म्हटलं वा, खरवस! मोठा घास घेतला. तो निघाला खारट, आणि आत शहाजिरं. माझं तोंड बघून वहिनी हसायला लागली आणि हसता हसता तिला कळ आली. ते तिच्याकडचं चीज होतं. पूनम म्हणाली, "अम्माजी ने सिखाया है. अब मैं ही बनाती हूँ."

तीन बायकांचं मंडळ

परप्रांतात चार मराठी माणसं जमली की मंडळ काढतात आणि पाचवा आला की त्यात दोन तट पडतात, हे मला ठाऊक होतं. लॅटव्हियाच्या बायकांचं मंडळ तीन जणींचं होतं. इथे आउस्मा, कानपूरला वेल्टा, अलाहाबादला झिद्रा. तिघी अशाच, तिकडे शिकायला गेलेल्या मुलांबरोबर लग्न करून आलेल्या. वेल्टानं कुठल्याशा दवाखान्यात झिद्राचं बोलणं ऐकलं आणि तिथेच मटकन खाली बसली म्हणे. पाच वर्षांनी आपली भाषा कानावर पडली होती.

त्यांचा मोठा सण जूनच्या तेविसाव्या रात्रीचा. ती तिकडे वर्षातली सर्वांत लहान रात्र मानतात. डोक्याला पानांची चक्रं बांधायची, चीज खायचं, विस्तवाभोवती गाणी म्हणायची आणि त्यावरून उडी मारायची. बनारसच्या जूनमध्ये गच्चीवर चप्पल वितळते. या तिघी तिथे लोखंडी घमेल्यात लाकडं पेटवून, आंब्याच्या पानांची चक्रं घालून, घामानं निथळत उड्या मारायच्या. पहिल्या वर्षी शेजारी आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावले. मामींनी गच्चीच्या दारात उभं राहून त्यांना सांगितलं, "काही नाही, तिच्याकडचा शिमगा आहे." तेव्हापासून गल्लीत त्याला बहूजी की होली म्हणत. मुलं झाली तीही त्या घमेल्यावरून उड्या मारत मोठी झाली. माधव मला हे सांगताना पहिल्यांदा हसला.

उलट बाजूनं मामींनी तिला गौरी-गणपती, चैत्रातलं हळदीकुंकू, सगळ्यात ओढून घेतलं. तिची कैरीची डाळ इथल्या मराठी घरांत नावाजलेली होती. विनायकदादा गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. "आधी सगळ्या म्हणाल्या तू आमची," वहिनी मला म्हणाली. "मग नियमसुद्धा आमचेच लावले." ते नियम माझेही होते.

दोन वर्षांपूर्वी वेल्टा वारली. तिलाही पुरायचं होतं, घरच्यांनी दहन केलं आणि अस्थी घेऊन काशीला आले. तिच्या मुलीनं गुपचूप एक मूठ आउस्माच्या हातात दिली. आउस्मा आणि झिद्रानं नाव करून गंगेच्या पलीकडच्या रेतीत, भोसले घाटाच्या दगडी वाड्याच्या बरोब्बर समोर, ती पुरली. मग आउस्मानं एका नाव बांधणाऱ्या सुताराकडून लाकडी दाताळं करून घेतलं. बागेतला पालापाचोळा ओढायचं असतं तसं. सुताराला वाटलं मेमसाहेबांना पाठ खाजवायला हवंय, त्यानं आधी वीतभर लांबीचंच केलं.

त्यांच्याकडे थडग्याभोवती वाळू घालतात आणि घरच्या माणसांनी दर आठवड्याला जाऊन त्या वाळूत दाताळ्यानं सरळ रेघा ओढायच्या असतात. गावच्या गाव शनिवारी दाताळी खांद्यावर टाकून निघतं. रेघा ताज्या दिसल्या की कळतं, या माणसाचं कुणीतरी आहे. आपण श्राद्ध-पक्ष करून मेलेल्याला वर्षातून एकदा बोलावतो. हे लोक स्वतः त्याच्याकडे जातात.

माती कुठे मिळते

चौथ्या दिवशी मी विषय काढला. आधी माधवची बाजू मांडली, कारण ती मला पटत होती. तो मला जिन्यात म्हणाला होता, "आत्या, लोक काय बोलतील याची मला तितकी फिकर नाही. पण बाबा या पाण्यात आहेत. आईला मी दुसरीकडे, अनजान लोकांत कशी टाकू? ती एकटी पडेल ना." त्याचे डोळे भरले होते.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वन्सं, मी सहा वर्षांची होते. पहाटे शिपाई आले आणि वडिलांना घेऊन गेले. मालगाडीच्या डब्यातून सैबेरियात. पुढे काही कळलं नाही. कुठे मेले, कधी मेले, काही नाही. माझ्या आईनं काय केलं? गावच्या स्मशानात आजीच्या शेजारी एक जागा आखून घेतली. वाळू घातली. दर शनिवारी तिच्यावर दाताळं फिरवायची. खाली कुणी नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. कुणी बोलायचं नाही. मला इतकी लाज वाटायची, की मैत्रिणी बरोबर असल्या तर मी लांबच्या वाटेनं जायची." तिला दम लागला. मी पाणी दिलं. "मला तसं नको. माझ्यावर जे कुणी दाताळं फिरवील, त्याच्या खाली मी असायला पाहिजे. एवढंच."

मी पाण्याचा पेला विसळून ठेवला आणि माधवला म्हटलं, उद्या माती कुठे मिळते ते बघून येऊ.

पाचव्या दिवशी मी आणि माधव शहराबाहेरच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत जाऊन आलो. तिथले म्हातारे गृहस्थ सज्जन होते, खुर्च्या पुसून दिल्या. बाप्तिस्म्याचा कागद मागितला. वहिनीचा बाप्तिस्मा तिच्या आईनं सोव्हिएत काळात चोरून करवलेला, कागद कुठला? लग्न हिंदू पद्धतीनं, नाव उषा, तीस वर्षांत चर्चमध्ये पाऊल नाही. ते म्हणाले, "बहनजी, जो घर यहाँ के हैं, उनके लिए भी जगह नहीं बची. मैं किस मुँह से कहूँ?" परत निघताना मी नीट बघून घेतलं. गवत कमरेएवढं, शेळ्या चरत होत्या, क्रूस वाकडे झालेले. रेघा ओढलेली वाळू कुठेही नव्हती.

हे मी वहिनीला जसंच्या तसं सांगितलं, आणि मग माझा जुना हातखंडा वापरला. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन मोकळं करायचं. म्हटलं, "वहिनी, दहन होऊ द्या. माधवला आईचं करू द्या. पण अस्थींतला अर्धा वाटा पलीकडे, वेल्टाच्या शेजारी. मी स्वतः ठेवीन. माझ्या हातानं."

तिनं छताकडे बघत विचारलं, "आणि दाताळं?"

"झिद्रा फिरवील. मी येईन तेव्हा मी फिरवीन."

"वचन?"

"वचन," मी म्हटलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. माधवला बोलावून सांगितलं, त्यानंही मान डोलावली. त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर जेवले. सकाळी माधवनं माझ्यासाठी मातीच्या कुल्हडात मलइयो आणला. दुधाचा नुसता फेस तो, केशर घातलेला, तोंडात घातला की गेलाच. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

रेती

दुसऱ्या दिवशी तिनं मला दाताळं देऊन पलीकडे पाठवलं. "जागा बघून या. नंतर चुकायला नको." नावाडी रामदुलार, साठीचा, दोन वर्षं याच बायकांना नेणारा. अलीकडचा काठ म्हणजे पायऱ्या, छत्र्या, माणसं, धूर. पलीकडे काही नाही. झाड नाही, घर नाही, नुसती करडी वाळू आणि दोन-तीन कुत्री. पावसाळ्यात नदी हे सगळं गिळते आणि दिवाळीच्या सुमाराला परत देते. मग रामदुलार आणि या दोघी भोसले घाटाचा वाडा नजरेनं समोर धरून, पावलं मोजून जागा पुन्हा ठरवायच्या. मी म्हटलं, वेल्टाची मूठ तर केव्हाच वाहून गेली असेल. रामदुलार म्हणाला, "का जाने माताजी. बालू त उहे ह." वाळू तर तीच आहे, म्हणे.

मी उत्साहानं दाताळं फिरवलं. चौकोन झकास झाला. मग कौतुकानं बघायला मागे वळले तर मधोमध माझीच पावलं. रामदुलारनं कपाळाला हात लावला. "अइसे नाहीं माताजी. ऊ लोग पाछे हटत-हटत करत रहलीं." पुन्हा सुरुवात केली. मागे सरकत, आपलीच पावलं पुसत, पाण्यापर्यंत यायचं. शेवटी माझी सवय मला सोडेना. चौकोनाच्या कडेला बोटानं एक कमळ काढलं, दारात रांगोळीचं काढतो तसं. घरी येऊन भीत भीत वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे. वेल्टाला फुलं आवडायची."

नवव्या दिवशी सकाळी, पूनम तोंड पुसत असताना, ती गेली. ओरडणं नाही, काही नाही. पूनमनं ओला रुमाल तसाच हातात धरला होता.

नावेत

दहन झालं. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही दशाश्वमेधवरून नावेत बसलो. रामदुलार, माधव, घरचे गुरुजी आणि मी. गुरुजींचं घराणं महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचं पिढ्यान्‌पिढ्या करणारं, विनायकदादाचंही यांनीच केलं होतं. माझ्या मांडीवर नाचणीचा डबा होता, घासून लख्ख केलेला, रिकामा. पायाशी दाताळं.

मध्यावर नाव थांबली. गुरुजींनी डब्याकडे पाहिलं. "हे कशाला?"

माधव म्हणाला, "थोड्या अस्थी... उस पार ठेवायच्या आहेत. आईची इच्छा होती."

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे म्हणाले, "माधवराव, माझी जबरदस्ती नाही. पण अर्धं पाण्यात, अर्धं वाळूत, असं वाटून ठेवल्यावर त्या जिवाला गती कशी मिळायची? घरात सूनबाई दोन जिवांची. पुढे काही वेडंवाकडं झालं तर तुमच्याच मनाला लागून राहील. तुमच्याकडे वडीलधारं माणूस बसलंय. त्यांना विचारा."

माधवनं माझ्याकडे पाहिलं. "आत्या?"

तो खरंच विचारत होता. मी हो म्हटलं असतं तर त्यानं माझ्या डब्यात अर्ध्या अस्थी घातल्या असत्या, याबद्दल मला आजही शंका नाही. एका शब्दाचं काम होतं. एकतीस वर्षं मी बोलण्यावर जगले, भल्याभल्यांना वळवलं. पण पूनमचं पोट डोळ्यांपुढे आलं. माझ्या आईच्या अस्थी पंचगंगेत सोडताना आमच्या गुरुजींनी हेच सांगितलं होतं, ते आठवलं. खरं सांगायचं तर मी घाबरले. उद्या त्या बाळाला काही झालं तर बोट माझ्याकडे वळेल, आणि त्याहून वाईट म्हणजे मलाच वाटेल की माझ्यामुळे झालं. वहिनी तर गेलीच होती. तिला काय कळणार आहे, हाही विचार मनात आला. तो आला हे लपवत नाही.

मी डब्याचं झाकण लावलं.

माधवनं कलश पाण्यावर उलटा केला. नदीत थोडा वेळ राखाडी पट्टा दिसला. रामदुलारनं एकदा पलीकडच्या रेतीकडे पाहिलं, मग नाव वळवली. घरी आल्यावर पूनमनं रिकामा डबा माझ्या हातातून घेऊन फडताळात ठेवला.

झिद्रा

अकराव्याच्या विधीनंतर दोन दिवसांनी अलाहाबादहून बसनं झिद्रा आली. तार उशिरा मिळाली होती. गुडघ्यांनी अधू, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी सुती साडी. नवरा नाही, दोन मुलं आहेत. मराठी तिला येत नाही, हिंदी फाडफाड बोलते. दारातच तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुम सुमन हो. आउस्मा ने चिट्ठी में सब लिखा था. तुमने मनवा लिया सबको. कहाँ रखा उसे?"

माधव डोकं भादरलेला, खाली बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पूनम आत निघून गेली.

मी म्हटलं, "वेल्टा के पास."

त्या क्षणी मला वाटलं होतं की हे एवढ्यावर भागेल. पण ती म्हणाली, "चलो, दिखाओ." दुपार होती, ऊन चांगलं पडलं होतं, अडचण सांगायला काही नव्हतं. रामदुलारनं तिला उचलूनच नावेत घेतलं. सगळा वेळ तो पाण्याकडे बघून वल्ही मारत होता. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

रेतीवर माझं कमळ वाऱ्यानं पुसून गेलं होतं. मी भोसले घाटाचा वाडा समोर धरला, वेल्टाची जागा दाखवली, आणि तिच्या डाव्या हाताला तीन पावलांवर बोट केलं. "यहाँ."

झिद्रा वाकली. गुडघे वाकत नव्हते तरी वाकली आणि तळहात वाळूवर ठेवला. तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मला न कळलेलं, आणि त्यात आउस्मा हे नाव दोनदा आलं. मग तिनं दाताळं मागून घेतलं. आधी वेल्टाचा चौकोन केला, मग दुसरा. दुसऱ्याला तिला फार वेळ लागला. एकेक रेघ सरळ, मागे सरकत, थांबून दम खात. मी सांगितलं, मी करते. ती म्हणाली, "नहीं, उसका मैं करूँगी." तिच्या चष्म्याखालून पाणी गळत होतं आणि हात चालू होते. मला तिथे उभं राहवत नव्हतं. आउस्माची आई अशीच उभी राहत असेल, पण तिला निदान ठाऊक होतं.

पाण्याशी आल्यावर तिनं दाताळं रामदुलारच्या हातात दिलं, नावेतच ठेव म्हणाली. मग माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. "सुमन, हम तीन थे. अब मैं अकेली हूँ. मेरे बेटे अच्छे हैं, पर वो भी सब बहा देंगे. तुम अपनी बात की पक्की हो. जब मैं जाऊँ, तुम आना. मुझे भी यहीं रखना, इन दोनों के पास. आओगी न?"

आता सांगायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. मी "आऊँगी" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या गाडीत बसले. माधव स्टेशनवर सोडायला आला होता, पाया पडला, म्हणाला, "आत्या, तुम्ही होत्या म्हणून निभलं." डबा त्यानं परत आणून दिला, त्यात पूनमनं प्रवासासाठी त्या खारट वड्या भरल्या होत्या.

परवा झिद्राचं पत्र आलं. हिंदीत, मोठमोठ्या अक्षरांत, एका पानाचं. पूनमला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे तिनं आधी लिहिलं आहे. गुडघ्यांचं लिहिलं आहे. शेवटच्या ओळी अशा आहेत: "होली के बाद मैं दो बार हो आई. रामदुलार हाथ पकड़कर ले जाता है. लकीरें सीधी नहीं आतीं अब, पर तुम चिंता मत करना. दोनों जगह ठीक हैं."